माझगावची एलायझा, लॉरेन्स स्टर्न आणि आमचे मूळपुरुष : काही दुवा लागेल का?

जुना_रुमाल

नमस्कार मंडळी. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्ट आहे, ती कितपत खरी याचा छडा लावायचाय, म्हणून हा धागा काढतेय. आम्ही पाठारे प्रभू, मूळचे मुंबईचे, आता बरीच वर्षं ठाण्यात. गोष्ट अशी की माझ्या आधीच्या आठव्या पिढीतले एक पूर्वज माझगावात ईस्ट इंडिया कंपनीच्या एका बड्या साहेबाच्या हाताखाली कारकून होते, साहेबाच्या बंगल्यावर रोजचं जाणंयेणं, आणि एका रात्री साहेबाची बायको खिडकीतून दोरीच्या शिडीने उतरून आरमारी कप्तानाबरोबर निघून गेली, दुसऱ्या दिवशी सगळ्या नोकरचाकरांची झाडाझडती झाली आणि त्यात आमच्या पूर्वजांची चाकरी गेली. आजी यात आणखी एक भर घालायची, की ही मडम म्हणजे एका मोठ्या आयरिश लेखकाची लाडकी होती आणि तिची विलायतेची पत्रं आमच्या पूर्वजांच्या हातून जात असत.

लहानपणी ही नुसती गोष्ट होती. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की मडम खरोखरच होती. एलायझा ड्रेपर. जन्म १७४४, केरळातल्या अंजेंगो इथे, वडील कंपनीच्या नोकरीत. १७५८ मधे मुंबईत डॅनियल ड्रेपरशी लग्न, ती १४ वर्षांची आणि तो तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. मुलांना घेऊन इंग्लंडला गेली आणि तिथे १७६७ च्या जानेवारीत तिला लॉरेन्स स्टर्न भेटला, ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ कादंबरीवाला. तो ५३ वर्षांचा, क्षयाने पोखरलेला, बायको आणि मुलगी असलेला. जेमतेम तीन महिन्यांची ओळख. एप्रिलमधे ती जहाजाने मुंबईला परत निघाली आणि हा तिकडे तिच्यासाठी रोजनिशी लिहीत बसला, तिचं छोटंसं चित्र गळ्यात घालून फिरायचा. १८ मार्च १७६८ ला तो लंडनमधे गेला. आणि १४ जानेवारी १७७३ च्या रात्री एलायझा माझगावच्या बेल्व्हेडिअर बंगल्यातून सर जॉन क्लार्क नावाच्या नौदल अधिकाऱ्याबरोबर निघून गेली.

म्हणजे साहेब, मडम, बंगला, पळून जाणं, लेखक हे सगळं खरं आहे. आमचा माणूस खरा आहे का एवढाच प्रश्न उरतो. एलायझावर इंग्रजीत भरपूर लिहिलंय, पण त्या घरात झाडलोट करणारे, पालखी उचलणारे, हिशेब लिहिणारे लोक कोण होते ते कुठेच नाही. मला त्यातला एक माणूस नावानिशी हवाय. कुठून सुरुवात करू?

चिकित्सक

ताई, विषय फार आवडला. पण आधी एक काम करा. ही गोष्ट तुमच्या घरात नक्की केव्हापासून सांगितली जाते ते शोधा. जेम्स डग्लसचं ‘बॉम्बे अँड वेस्टर्न इंडिया’ १८९३ मधे आलं, त्यात या एलायझाबद्दल आहे, आणि तेव्हा मुंबईतल्या शिकलेल्या घरांतून असली पुस्तकं आवडीने वाचली जायची. १९२२ मधे तर तिच्यावर अख्खं चरित्रच आलं. आता समजा तुमच्या पणजोबांनी डग्लस वाचला, घरात ‘आपले एक पूर्वज माझगावात कंपनीच्या चाकरीत होते’ एवढी साधी आठवण होतीच, आणि दोन्ही गोष्टी जेवणाच्या पानावर एकत्र आल्या. पुढच्या पिढीला ती एकच गोष्ट म्हणून मिळाली. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. मी बऱ्याच घराण्यांच्या वंशावळी पाहिल्यात, पुस्तकातून घरात शिरलेल्या आठवणी फार आढळतात.

दोरीची शिडी ही त्यातली मुख्य खूण. ती मुळातच दंतकथा आहे, मडम बंगल्याच्या व्हरांड्यातून जुन्या घेरदार झग्यात अजून फिरते अशी भुताची आवईसुद्धा तिकडचीच. तुमच्या घरच्या गोष्टीतला जो भाग कुठल्याच पुस्तकात नाही तोच कामाचा. माझ्या मते तो म्हणजे नोकरी जाणं. तिथून शोधा, लेखकाला सध्या बाजूला ठेवा.

डब्लिनची_काकू

लेखकाला बाजूला कसं ठेवायचं, तोच तर आमच्या इकडचा! :)

स्टर्न आयरिश की इंग्रज हा वाद इथे कायमचाच. जन्म २४ नोव्हेंबर १७१३, टिपरेरी परगण्यातलं क्लॉनमेल, सुइर नदीकाठी. बाप सैन्यात साधा एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी, पलटण जाईल तिकडे बायकापोरं फरफटत, त्यामुळे पहिली दहाएक वर्षं बहुतेक आयर्लंडमधल्या छावण्यांमधेच गेली. विकलो परगण्यात ॲनमो म्हणून गाव आहे, तिथे लहान असताना हा पाणचक्कीच्या चालू पाटात पडला आणि चक्कीखालून जिवंत बाहेर आला, आजूबाजूचे शेकडो लोक बघायला जमले होते असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मी ते गाव बघितलंय, रस्त्याकडेचं छोटंसं आहे, नदी उथळ पण ओढ जबरदस्त. नंतर शाळेला यॉर्कशरमधे गेला आणि पुढे तिकडेच पाद्री झाला. म्हणून इंग्रज त्याला आपला म्हणतात. पण त्याचं ते गोष्ट सोडून भलतीकडे जाणं, परत येणं, मधेच वाचकाशी बोलणं, ते इथल्या पबमधे बसून ऐकलंत तर लगेच ओळखाल. त्यामुळे तुमची आजी त्याला आयरिश म्हणत असेल तर ती बरोबरच म्हणायची.

एक मात्र लक्षात घ्या, आजीच्या गोष्टीत पत्रं पूर्वजांच्या हातून जायची असं आहे. ती परत मुंबईत पोचली १७६८ च्या सुरुवातीला आणि तो गेला त्याच मार्चमधे. जहाजाने पत्र यायला तेव्हा सहा महिने सहज लागायचे. म्हणजे त्याचं पत्र मुंबईच्या पत्त्यावर आलंच असेल तर एखाददुसरं, तेही तो वारल्यानंतर हातात पडलेलं. एलायझाची स्वतःची विलायतेला जाणारी पत्रं मात्र बरीच होती. १७७२ मधे तिने मुंबईहून मिसेस जेम्सना लिहिलेलं लांबलचक पत्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. स्टर्नच्या बायकोच्या आणि मुलीच्या हातात तिची जुनी पत्रं पडलेली, त्या ती छापतील अशी तिला भीती होती.

दर्यावर्दी

मिसेस जेम्स! थांबा थांबा. हे कोण जेम्स ते इथे कोणी सांगितलं नाही म्हणून मी लिहितो, कारण मी हर्णैचा.

एलायझा आणि स्टर्न भेटले ते लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवर कमोडोर विल्यम जेम्सच्या घरी. आणि हा जेम्स म्हणजे तोच ज्याने १७५५ च्या एप्रिलमधे तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. ‘प्रोटेक्टर’ नावाचं ४४ तोफांचं जहाज घेऊन आला होता, पेशव्यांचे रामाजी महादेव बरोबर होते, म्हणजे आपल्याच आरमाराचा घास आपण इंग्रजांना बोलावून दिला, ते दुःख वेगळं आणि ते मी इथे उगाळत नाही. तर हा माणूस इथून पैसा करून गेला, लंडनमधे मोठा झाला, कंपनीचा अध्यक्ष झाला. तो वारल्यावर बायकोने १७८४ मधे लंडनच्या शूटर्स हिलवर तीनकोनी बुरूज बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. अजून उभा आहे. मी हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग रोज बघत मोठा झालो तेव्हा माहीत नव्हतं की ह्याचा एक भाऊबंद लंडनला आहे.

म्हणजे ताई, तुमच्या गोष्टीतला लेखक आणि मडम यांची गाठ पडली ती मुळात कोकणच्या किनाऱ्यावर कमावलेल्या पैशाच्या दिवाणखान्यात. तुमचा दुवा लागो न लागो, हा दुवा पक्का आहे.

जुना_रुमाल

दर्यावर्दी, अंगावर काटा आला वाचताना. हे मला अजिबात ठाऊक नव्हतं.

चिकित्सक, तुमचा मुद्दा पटला आणि मी काल दिवसभर त्याच्याच मागे होते. आजोबांची एक वही आहे, १९३० च्या सुमाराची, त्यात ही गोष्ट लिहिलेली आहे आणि शिडीही आहे. त्याआधीचं लेखी काही नाही. म्हणजे पुस्तकातून शिरण्याला भरपूर वाव आहे हे मान्य. पण आजोबांनी एक वाक्य लिहिलंय की ‘मुंबई सोडून ठाण्यास आले ते या कारणें’. हे ठाण्याचं कुठल्याच पुस्तकात असायचं कारण नाही ना?

वहीखातं

छान चाललाय धागा. कागदपत्रांचं मी सांगतो, निवृत्तीनंतर याच नादाला लागलोय.

पहिलं, मुंबईतच. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. कंपनीच्या पब्लिक डिपार्टमेंटच्या डायऱ्या तिथे आहेत, अठराव्या शतकातल्या. रोजची बैठक, कोणाला नेमलं, कोणाला काढलं, किती पगार, कुठल्या जहाजावर काय आलं सगळं त्यात. अडचण ही की एतद्देशीय कारकुनांची नावं फार कमी येतात, आणि आली तरी इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेली, एकच माणूस तीन पानांवर तीन तऱ्हेने. त्यामुळे नाव शोधू नका, खातं शोधा. ड्रेपर त्या त्या साली कोणत्या खात्यावर होता ते आधी काढायचं (मधे तो केरळात तेलिचेरीलाही होता), मग त्या खात्याच्या आस्थापनेची यादी. वाचनकक्षात परवानगीसाठी ओळखपत्र आणि अर्ज लागतो, कागद फार जीर्ण असेल तर देत नाहीत, तेव्हा जाण्याआधी चौकशी करून जा.

दुसरं, मेयर्स कोर्ट, म्हणजे तेव्हाचं मुंबईतलं न्यायालय. १७२६ च्या सनदेने आलं. १७५३ च्या सनदेनंतर एतद्देशीयांचे आपसातले दावे दोघांची संमती असेल तरच तिथे चालायचे, पण साक्षीदार म्हणून लोक येतच. ड्रेपरने बायकोच्या प्रकरणात तिथे काही केलं असेल तर घरातल्या माणसांच्या जबान्या असू शकतात. झाडाझडतीची गोष्ट खरी असेल तर ती कागदावर यायची जागा हीच.

तिसरं, लंडन. ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स. मुंबईच्या चर्चच्या नोंदींच्या नकला तिथे १७०९ पासून आहेत, पण त्यात बहुतेक गोऱ्यांचीच लग्नं, बारसी आणि दफनं. ड्रेपर मंडळींसाठी उपयोगी, तुमच्या पूर्वजांसाठी नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर त्यांचं ऑनलाइन काम बरेच दिवस कोलमडलं होतं, त्यामुळे आज काय उघडतं ते बघूनच वेळ घाला.

आणि चौथं, जे लोक विसरतात ते म्हणजे नाशिक. क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या पुरोहितांच्या, वह्या. तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कोण, कधी, कोणाचा मुलगा, कोणत्या गावाहून आला, बरोबर कोण होतं हे सगळं नामावळीत असतं, आणि बऱ्याचदा खाली स्वतःची सही. इंग्रजांच्या दप्तरात जो माणूस ‘एक कारकून’ असतो तो नाशिकच्या वहीत बापाच्या, आजाच्या नावासकट असतो.

जुना_रुमाल

वहीखातं काका, नाशिकचं ऐकून काकांना फोन लावला. ते म्हणाले नाशिकला जायच्या आधी माळ्यावरचा रुमाल तरी सोडून बघ. लाल खारव्यात बांधलेला, मधल्या गाठी इतक्या घट्ट की नखं दुखली. आत बहुतेक शेताच्या पावत्या आणि पत्रिका, कसर लागून कडा जाळीदार झालेल्या, पण अगदी तळाशी हातकागदाचा एक लांब पट्टा मिळाला, मोडीतला. मला मोडी येत नाही. फोटो टाकलाय. वरच्या बाजूला पाण्याचा डाग आहे, शाई तिथे पिवळी पडली आहे, खालच्या दोन-तीन ओळी मात्र काल लिहिल्यासारख्या काळ्याभोर. कोणी वाचून देईल का?

मोडीवाचक

वाचतोय. अक्षर घोटीव आहे, कारकुनी हात आहे हे नक्की, लेखणी क्वचितच उचललेली. फोटो तिरपा आहे, उजेड खिडकीतून आडवा घेऊन परत काढाल का? फ्लॅश नको. आणि मागची बाजूही हवी, हे कर्जखत दिसतंय आणि कर्जखतावर मागे वसुलीच्या नोंदी असतात.

मोडीवाचक

नवीन फोटो उत्तम. जेवढं निःसंशय वाचता येतं तेवढंच सांगतो.

हे कर्जखत आहे. शके १६९४, नंदननाम संवत्सर, माघ शुद्ध पक्ष. तिथीचा आकडा डागात गेलाय. सोबत सुहूर सनही आहे (मराठी दप्तरात चालणारी अरबी आकड्यांची कालगणना), सलास सबैन मया व अलफ, म्हणजे ११७३, आणि तो शकाशी जुळतो, त्यामुळे सालाबद्दल शंका नाही. कर्ज घेणारा कसबे ठाणे इथे वस्तीस, पूर्वी वस्ती ‘बंदर मुंबई’, आणि कर्जाचं कारण दिलंय की कंपनीची चाकरी सुटल्यामुळे संसारास बेगमी नाही. देणारा ठाण्यातलाच जातभाई. व्याजाचा दर वाचता येत नाही. मागे दोन वसुल्या आहेत, खत फेडलं गेलेलं दिसतं.

माझगाव हा शब्द नाही. कुठल्या साहेबाचं नावही नाही. मी दोनदा वाचलं.

कर्ज घेणाऱ्याचं आणि त्याच्या बापाचं नाव स्पष्ट आहे, ते इथे लिहीत नाही, तुम्हाला निरोप पाठवलाय. वंशावळीशी ताडून बघा.

जुना_रुमाल

नाव आमच्या वंशावळीतलं आहे. मुलगा आणि बाप दोन्ही. आठवी पिढी.

मला जरा वेळ लागला हे टाइप करायला.

दर्यावर्दी

ताई!!! अभिनंदन.

आणि तारखा बघितल्यात का? १४ जानेवारी १७७३ म्हणजे पौष वद्य, षष्ठीच्या आसपास, चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला वर येणार. आधी चांगला अंधार, किनाऱ्यावर होडी लावायला बरा. आणि तुमचं कर्जखत लगेच पुढच्या माघ शुद्धात, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीतरी. मधे जास्तीत जास्त साडेतीन आठवडे!

चिकित्सक

मीही मनापासून अभिनंदन करतो, अडीचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसाचा कागद हातात येणं ही साधी गोष्ट नाही. आणि आजोबांच्या वहीतलं ते वाक्य खरं ठरलं हेही मोठंच. मुंबई सोडली, ठाण्यास आले, चाकरी गेली म्हणून आले. घरातली आठवण तिथपर्यंत अस्सल आहे, ती डग्लसमधून आलेली नाही, हे मी आता मान्य करतो.

पण त्या साडेतीन आठवड्यांवर भिस्त ठेवू नका. कर्ज माघात घेतलं म्हणजे चाकरी पौषात गेली असं होत नाही. माणूस आधी जवळचं खातो, मग बायकोचं मोडतो, मग कर्ज काढतो. चाकरी दसऱ्याच्या आधीही सुटलेली असू शकते. आणि कंपनी कारकून काय फक्त ड्रेपरच्या घरच्या भानगडीमुळेच काढायची का. आज आपल्या हातात आहे ते एवढंच, कंपनीचा एक प्रभू कारकून, चाकरी सुटलेला, १७७३ च्या आरंभी ठाण्यात. ड्रेपर अजून नाहीच यात.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला खटकते आणि ती तुमच्या बाजूची आहे. ठाणं तेव्हा मराठ्यांकडे होतं, इंग्रजांनी घेतलं ते डिसेंबर १७७४ मधे. चाकरी सुटलेला कारकून मुंबईत दुसऱ्या साहेबाकडे किंवा एखाद्या पारशी व्यापाऱ्याकडे लागला असता, लिहिता हात होता, काम मिळणं कठीण नव्हतं. हा माणूस घरदार उचलून खाडीपलीकडे दुसऱ्या राज्यात गेला. नुसतं काम गेलं म्हणून कोणी असं करत नाही. मुंबईत तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती किंवा कसली तरी चौकशी मागे होती असं वाटतं. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे.

डब्लिनची_काकू

मला तर वाटतं चौकशी झाली असेल तर ती पत्रांवरूनच. बाई एवढी मोठी तयारी करते तर निरोप कोणाच्या तरी हातून जाणार ना. आजीच्या गोष्टीत पत्रं पूर्वजांच्या हातून जायची, आपण सगळे ती लेखकाची पत्रं समजून बसलो. पण ती कप्तानाला जाणारीही असू शकतात. घरात सांगताना पुढच्या पिढ्यांनी अपकीर्तीची पत्रं काढून लेखकाची घातली असतील, पूर्वजाची अब्रू राखायला. बाई बिचारी पुढे मामाकडे आंध्रात राहिली, मग इंग्लंडला गेली आणि १७७८ मधे वारली, ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमधे तिचं सुंदर स्मारक आहे. ज्याच्या हातून निरोप गेले त्याचं काय झालं हे कोणी विचारलं नाही, ते तुम्ही विचारताय, मला फार बरं वाटलं.

वहीखातं

काकूंचं म्हणणं तपासता येण्यासारखं आहे, म्हणून लिहितो. मी पुढच्या आठवड्यात माझ्या कामासाठी पुराभिलेखागारात जाणारच आहे. जानेवारी ते मार्च १७७३ च्या पब्लिक डायऱ्या मागवतो. ताई, कर्जखतातलं नाव मला निरोपात पाठवा, म्हणजे त्याची इंग्रजी रूपं आधीच लिहून काढतो, निदान सात-आठ होतील. मेयर्स कोर्टाचं त्या सालचं काय शाबूत आहे तेही विचारतो. नाव मिळालं नाही तरी कारकून बडतर्फ केल्याची एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

आणि तुम्ही कर्जखत प्लास्टिकमधे घालू नका. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, घडी परत घालू नका, आधीच्या घडीवर तुटतं.

जुना_रुमाल

काका, नाव पाठवलंय, वडिलांच्या नावासकट. कागद सपाट ठेवलाय, काकांच्या पंचांगांच्या पेटीत, वर जड काही नाही.

चिकित्सक, तुमचं सगळं मान्य. ड्रेपर सापडला नाही तरी मला आता फारसं वाईट वाटणार नाही. चाकरी सुटल्यावर दुसऱ्या राज्यात गेलेला, जातभाईकडे कर्ज मागितलेला आणि ते फेडलेला माणूस मला मिळालाय. तरीपण शोध सोडत नाहीये. येत्या रविवारी मी आणि काका नाशिकला उपाध्यांकडे जातोय, १७७३ च्या आगेमागे ठाण्याहून कोणी यात्रेला गेलं होतं का ते बघायला, आणि त्याआधीची नोंद मुंबईहून असेल तर तिथे वस्ती कुठली लिहिलीय तेही. मोडीवाचक, वहीतलं पान मोडीत असेल तर तिथूनच फोटो टाकते, रविवारी संध्याकाळी असाल ना?

मोडीवाचक

असेन. पान पूर्ण येऊ द्या, चारही कडा दिसल्या पाहिजेत.